पन्नास भावंडांचा शुक्रवार

थोरलीला घरात कुणी "कशी आहेस" असं विचारत नाही. विचारतात ते हे, की "कपडे बाहेर वाळत घालू का?" वेधशाळेत नोकरीला लागल्यापासून तिचा हा मान आहे. आई फोन करते ती गुडघे दुखतायत हे सांगायला नव्हे, तर गुडघे दुखतायत म्हणजे पाऊस येणारच ना, याची खात्री करून घ्यायला. मामेबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा कोण, काय करतो हे सगळ्यांना मागाहून कळलं. आधी थोरलीला विचारून झालं की लग्न बागेत ठेवायचं की हॉलमध्ये. आणि थोरली दर वेळी उत्तर देते. "बघू", "सांगता येत नाही", "निसर्गापुढे कुणाचं काय चालतं" असली गुळमुळीत वाक्यं तिला जमत नाहीत. ती म्हणते घाला, नाहीतर म्हणते घालू नका. चुकली तर दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून सांगते, चुकले, कपडे पुन्हा धुवा.

अशी ही बाई एका सोमवारी सकाळी चांगली तोंडघशी पडली, ती गोष्ट सांगायचीय. पडतात सगळेच. पडल्यावर तिने काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे.

वेधशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गच्चीवर गरागरा फिरणाऱ्या, वारा मोजायच्या त्या वाट्या येतात. त्या आहेतच. पण खरं काम खालच्या मजल्यावर एका लांबट खोलीत चालतं. तिथे ओळीने स्क्रीन, कुरकुरणाऱ्या खुर्च्या आणि झाकण तुटलेली एक किटली. दूर कुठेतरी एक अजस्र कॉम्प्युटर पुढच्या आठवड्याचं हवामान मांडतो आणि इकडे पाठवतो. एकदा नाही, पन्नास वेळा मांडतो. कारण साधं आहे. आत्ता या घडीला समुद्रावर, डोंगरावर, ढगांच्या पोटात नेमकं काय चाललंय हे कुणालाच पुरतं ठाऊक नसतं. म्हणून तो कॉम्प्युटर सुरुवातीलाच इथे जरासा वारा वाढवतो, तिथे जरासा दाब उतरवतो, आणि दर वेळी सगळा आठवडा नव्याने चालवून बघतो. वेधशाळेत या पन्नास आठवड्यांना भावंडं म्हणतात. एकाच आईची, जन्मताना एकसारखी दिसणारी, आणि पुढे ज्याची वाट त्याला. पहिले दोन दिवस सगळी हातात हात घालून चालतात, मग पांगायला लागतात. कोण कुठे पांगतंय आणि त्यातलं कोण ऐकण्यासारखं बोलतंय, हे ओळखणं म्हणजे थोरलीची नोकरी.

थोरलीचा धाकटा भाऊ क्रेन चालवतो. नदीवर नवा पूल होतोय, तिथली ती उंच क्रेन, जी शहरात कुठूनही दिसते, तिच्यावरच्या काचेच्या खोपटात तो बसतो. त्या आठवड्यात शुक्रवारी पुलाचा मधला गर्डर उचलायचा होता. मधला म्हणजे सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत जड. पोलादाचं ते धूड आधीच तराफ्यावर चढवून नदीत आणून उभं केलं होतं. एकदा का ते उचललं, की तराफा बाजूला काढायचा, गर्डर वर न्यायचा, आणि दोन्ही टोकांचे बोल्ट कसून होईपर्यंत क्रेनने तो तसाच धरून ठेवायचा. सकाळी सुरू केलं की संध्याकाळ होणार. मध्येच "थांबा, वारा सुटला" म्हणून खाली ठेवायची सोय नाही, कारण खाली नदी. एवढं लांब पोलाद वाऱ्यात लटकलं की शिडासारखं ओढतं. आणि ओढणार कुणाला, तर धाकट्याला.

पूल बांधणाऱ्या कंपनीला आठवड्याच्या वाऱ्याचा अंदाज वेधशाळेतून रोज सकाळी जायचा, आणि तो लिहायची थोरली. भाऊ वर, बहीण खाली. घरात यावरून पुष्कळ चेष्टा झाली. धाकटा म्हणायचा, "ताई, लहानपणी मी तुझी वेणी ओढायचो ते सगळं माफ आहे असं एकदा लिहून दे, मग वर चढतो." सगळे हसायचे. भावजय मात्र हसायची नाही. ती थोरलीला बाजूला गाठून हळूच विचारायची, "ताई, शुक्रवार बरा आहे ना?" थोरली म्हणायची, "बरा नसला तर सगळ्यांत आधी तुला सांगेन."

आता सोमवारचं. महिन्याभरापूर्वी वेधशाळेत नवं सॉफ्टवेअर आलं होतं. जुन्या स्क्रीनवर पन्नास भावंडांच्या पन्नास रेघा दिसायच्या, नुसता लोकरीचा गुंता. नव्यावर गुंता नाही. एक जाड निळी रेघ, म्हणजे सगळ्यांची सरासरी, आणि तिच्या दोन्ही अंगांना फिकट सावली. दिसायला इतकं देखणं, की मोठे साहेब, म्हणजे वेधशाळेचे प्रमुख, पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे. त्या सकाळी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी पसरलेली, फोन एकसारखे खणखणत होते, बुलेटिन पाठवायची वेळ टळत चाललेली. थोरलीने जाड रेघ पाहिली. शुक्रवारी वारा मध्यम, क्रेनच्या मर्यादेच्या आत. तिने तसं लिहिलं, सही ठोकली आणि पाठवून दिलं.

चहाचा कप घेऊन बसली खरी, पण तिला चैन पडेना. ती सावली फार रुंद होती. आपण कुणाकडे जावं, सगळ्यांनी हसून स्वागत करावं, आणि तरी आपल्याला कळावं की आत्ताच इथे कडाक्याचं भांडण झालंय, तसं तिला झालं. कप बाजूला ठेवून तिने जुना स्क्रीन उघडला. तो वापरू नका अशी साहेबांची सूचना होती आणि सगळे तो गुपचूप वापरत होते.

पन्नास रेघा. मंगळवारी, बुधवारी त्यांचा एकच घट्ट पीळ. गुरुवारी दुपारनंतर पीळ उसवायला लागलेला. आणि शुक्रवारी सरळ दोन फाटे. निम्मी भावंडं म्हणत होती की पट्टा उत्तरेला वळेल आणि इथे झाडाचं पानही हलणार नाही. उरलेली निम्मी म्हणत होती की तो थेट अंगावर येईल, आणि मग छपरं जागेवर राहिली तरी मिळवली. मधोमध, जिथे ती देखणी निळी रेघ होती, तिथे एकही भावंड नव्हतं.

म्हणजे बघा, एक मित्र म्हणाला सकाळी ये, दुसरा म्हणाला रात्री ये, आणि आपण मोठ्या शहाणपणाने दोन्हीचा मध्य काढून भर दुपारी गेलो, तर दाराला कुलूप. मध्यम वारा ही एकच गोष्ट शुक्रवारी होणार नव्हती, आणि थोरलीने नेमकी तीच सही करून पाठवली होती. तिच्या पायाखालची वाळू सरकली. इतकी वर्षं नव्या पोरांना ती हेच घोकवत आली होती, की सरासरीला काही विचारू नका, ती कुणाचीच नसते. विचारायचं ते भावंडांना. आणि आज स्वतःच. तिला स्वतःचा इतका संताप आला की कपातला चहा तिने तसाच बेसिनमध्ये ओतला.

संताप फार वेळ टिकला नाही, कारण काम पडलं होतं. ती पुन्हा स्क्रीनपुढे बसली, एकेक भावंड वेगळं काढून पाहिलं, आणि उठली ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"बुलेटिन मागे घ्यायचं?" साहेब म्हणाले. "एवढी घाई कशाला? दुपारी नवे आकडे येतील, ते बघू, मग उद्या सकाळी शांतपणे ठरवू." घोंगडं भिजत ठेवण्यात साहेबांचा हात कुणी धरू शकत नाही.

"शुक्रवार मी मागे घेतेच आहे, साहेब. आणि त्याच्या जागी त्यांना बुधवार देतेय."

"देतेय म्हणजे?"

"बुधवारी पन्नासच्या पन्नास एका तोंडाने बोलतायत. वारा नाही. उचलायचं तर बुधवारी उचला, असं सांगणार आहे."

"आपण अंदाज सांगतो. कुणी काय कधी उचलावं हे आपण सांगत नाही."

"शुक्रवार नको म्हटलं की ते विचारणार, मग कधी? तेव्हा काय खिडकीबाहेर बघत बसू?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सही तुमची असेल," ते म्हणाले.

"सकाळच्या चुकीवरही माझीच आहे," थोरली म्हणाली आणि जुन्या स्क्रीनची छापील प्रत घेऊन बाहेर पडली.

फोनवर सांगता आलं असतं. पण आपली चूक आपण समोर उभं राहून सांगायची, असं तिचं एक खूळ आहे. पुलाच्या कामाचं ऑफिस म्हणजे नदीकाठी ठेवलेला एक पत्र्याचा डबा. आत लांब टेबल, भिंतीभर नकाशे, दाराशी चिखलाचे बूट, आणि टेबलामागे पुलाचे मुख्य इंजिनीअर. आडव्या अंगाचा, खणखणीत आवाजाचा माणूस. कपाळावर हेल्मेटचा वळ कायमचा उमटलेला.

थोरलीने कागद टेबलावर पसरला आणि एका दमात सांगून टाकलं. सकाळचं बुलेटिन चुकलं. शुक्रवारी एकतर वारा अजिबात नसेल, नाहीतर वादळ असेल, आणि दोन्हीची शक्यता सारखीच. बुधवार मात्र निर्धोक आहे. परवा उचला.

इंजिनीअरांनी कागदाकडे पाहिलंही नाही. त्यांचा आवाज चढला. "मॅडम, सकाळी तुम्हीच लिहिलंत ना, मर्यादेच्या आत म्हणून?"

"सकाळी चुकलं. आता बरोबर सांगतेय."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी बदललं तर संध्याकाळी येईन. पण बुधवार बदलणार नाही."

"परवा! परवा म्हणजे काय गंमत आहे का? बोल्टवाली माणसं गुरुवारी रात्री येणार. नदीतल्या होड्या थांबवायची परवानगी शुक्रवारची. आणि तुम्हीच म्हणता ना, निम्मी शक्यता चांगली आहे? गुरुवारपर्यंत कळेल ना, कोण खरं ते?"

"कळेल की. पण वाईट कळलं, तर तोवर बुधवार गेलेला असेल."

इंजिनीअर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी आवाज उतरवला, आणि तो उतरलेला आवाज थोरलीला जास्त लागला. "खरं सांगू? तुमचा भाऊ वर बसणार, म्हणून तुम्ही घाबरलात."

दारात कुणीतरी खाकरलं. धाकटा जेवणाच्या सुट्टीत खाली उतरला होता आणि बहिणीला इथे बघून दाराशी थबकला होता. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"भाऊ आहे, आणि त्याची काळजी मला तुमच्यापेक्षा जास्त आहे, हे कबूल," ती म्हणाली. "पण घाबरले असते ना साहेब, तर बुधवारीही नको म्हटलं असतं. महिनाभर नको म्हटलं असतं. घाबरलेल्या माणसाला तेच सोपं असतं. मी त्याला परवा वर चढवायला सांगतेय."

 इंजिनीअरांनी कागद जवळ ओढला. माणूस तापट होता, पण मूर्ख नव्हता. त्यांनी दोन फाट्यांमधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, मग वरच्या फाट्यावर, आणि मग ते खिडकीतून नदीकडे बघायला लागले. तिथे तराफ्यावर त्यांचा गर्डर उभा होता. उचलला नाही, आणि वादळ आलंच, तर तो नदीतच सापडणार होता, हे त्यांच्या ध्यानात आलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"काय रे," ते धाकट्याला म्हणाले, "तुझं काय म्हणणं?"

"साहेब, ताईने मला आयुष्यात खूप थापा मारल्यात," धाकटा म्हणाला. "पण हवेच्या बाबतीत अजून एकही नाही."

इंजिनीअरांनी फोन उचलला आणि बोल्टवाल्यांच्या मुकादमावर ओरडायला सुरुवात केली. थोरली उठली. तिला कुणी थांब म्हटलं नाही आणि जा म्हणूनही सांगितलं नाही.

मंगळवारी त्या नदीकाठी जी धावपळ झाली तिचं वर्णन करायला बसलो तर रात्र होईल. माणसं सुट्टीवरून बोलावली, होडीवाल्यांनी शिव्या घातल्या, परवानगीचा कागद घेऊन एक जण शहरभर हिंडला. सगळ्यांच्या तोंडी एकच, की कुठल्या तरी बाईच्या डोक्यात आलं म्हणून हे चाललंय. थोरलीने नवे आकडे आले की भावंडं पुन्हा तपासली. शुक्रवारी अजून तळ्यात मळ्यात चाललं होतं. बुधवार जागचा हलला नव्हता. तिने भावजयीला फोन केला आणि सांगितलं, "उद्या आहे. बरा आहे." पलीकडून फक्त "बरं" आलं.

बुधवार उजाडला तो नितळ. शहरातली अर्धी माणसं पुलाकडे तोंड करून उभी. वेधशाळेतली पोरंही गच्चीवर पळाली. थोरली गेली नाही. धाकटा वर चढला त्या वेळी ती खालच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून पुढच्या आठवड्याचा पाऊस बघत होती. कुणीतरी धावत येऊन सांगितलं, "मॅडम, उचलला!" ती म्हणाली, "हो का," आणि पुढचा नकाशा उघडला. तिला बेफिकीर म्हणणारे म्हणोत. तिने जे पाहायचं ते सोमवारीच पाहून घेतलं होतं, आणि तिला त्यात तसूभरही शंका नव्हती. दिवे लागायच्या आत शेवटचा बोल्ट कसला गेला, आणि क्रेनचा हूक रिकामा होऊन वर आला.

गुरुवारी सकाळी भावंडांचं भांडण मिटलं. पन्नासही जणं उत्तरेच्या बाजूने झाली. पट्टा तिकडे वळणार आणि शुक्रवारी इथे काहीही होणार नाही. आता आली का पंचाईत? पण बुलेटिन लिहायचं थोरलीनेच होतं. तिने लिहिलं, शुक्रवारी वारा नाही, आणि नेहमीसारखी ठळक सही केली. मोठ्या साहेबांनी ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता खोलीत निघून गेले. एवढा समंजसपणा त्यांनी दाखवला.

शुक्रवारी खरंच पान हललं नाही. दोरीवरचे कपडे शहाण्या मुलांसारखे सरळ लटकत होते. सकाळीच इंजिनीअरांचा फोन आला.

"मॅडम, तुमचं वादळ कुठे राहिलं?"

"उत्तरेला गेलं."

"म्हणजे आज उचलला असता तरी चाललं असतं."

"हो," थोरली म्हणाली. "आज चाललं असतं."

तिने कारणं दिली नाहीत.  मग इंजिनीअर म्हणाले की पुढचा गर्डर महिनाअखेरीला आहे, आणि त्या आठवड्याचं बघाल तेव्हा ती एक रेघ नको, सगळ्या पन्नास पाठवा. थोरली म्हणाली, पाठवते.

दुपारी ती घरी आली तर धाकटा आलेला. सुट्टी मिळाली होती. पाय लांब करून खुर्चीत पसरला होता. तिने चहा टाकला, दोघं गॅलरीत बसली. समोरचं झाड चित्रातल्यासारखं उभं होतं आणि धाकटा त्याच्याकडे बघून मिश्कील हसत होता.

"साइटवर सगळे चिडवतायत मला," तो म्हणाला. "म्हणतात, तुझ्या बहिणीने फुकट पळवलं."

"चिडवू दे."

"कुणी म्हणालं, नशीब चांगलं म्हणून बुधवारी निभावलं."

आता मात्र थोरलीचं डोकं फिरलं. सबंध आठवड्यात चढला नव्हता तो आवाज चढला. "नशीब? नशीब लागलं असतं ते आज. बुधवारी नाही लागलं. बुधवारी तुला मी नशिबावर वर पाठवलं नव्हतं, कळलं? आज पाठवलं असतं तर ते नशिबावर. ते आज चांगलं निघालं, म्हणून काय झालं?"

धाकट्याचं हसू मावळलं. तो कपाकडे बघत राहिला, आणि मग कधी नव्हे ते हळू आवाजात बोलला.

"ताई, एक सांगू? हिला सांगितलं नाहीये कधी. जड काही उचलायचं असलं ना, की वर दार लावून घेतलं की आधी मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतो. आईचा, हिचा, तुझा. सवयच झालीय. घेतल्याशिवाय हात चालत नाही."

थोरलीने त्याच्याकडे मान वळवली.

"बुधवारी संध्याकाळी खाली उतरलो, शिडीच्या शेवटच्या पायरीवर आलो, आणि एकदम लक्षात आलं, की या वेळी घ्यायचाच राहिला. सुचलंच नाही. तू पन्नास जणांना विचारलं होतंस ना, म्हणून असेल."

थोरलीने त्याच्या हातातला कप घेतला. तो अर्धा भरलेला होता आणि चांगला गरम होता.

"पुढच्या वेळीही घेऊ नकोस," ती म्हणाली. "तशी वेळ असली तर मी तुला चढूच देणार नाही." आणि चहा गार झालाय, गरम करून आणते, असं सांगून ती आत गेली. तिला बाहेर यायला बराच वेळ लागला, आणि धाकट्याने तिला हाक मारली नाही.